बायकांचा चषक आणि सगळ्यांचा चषक : युरोपातला १९६२चा रॅली हंगाम



रॅली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? झेंडे, घोषणा, तहसील कचेरीवर नेलेला मोर्चा, नाहीतर निवडणुकीतल्या मोटारसायकली. आज मी सांगणार आहे ती रॅली वेगळी. ती मोटारींची आहे आणि ती धावली युरोपात, १९६२ साली. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपल्या गटातल्या किती जणींकडे मोटार आहे? खरं आहे. पण या गोष्टीच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो प्रश्न ग्रामपंचायतीत राखीव जागेवर बसलेल्या प्रत्येक बाईनं ऐकलेला आहे. बायकांसाठी वेगळी जागा ठेवली, तर तो मान असतो की कोपरा? त्या एका हंगामात या प्रश्नाला जे उत्तर मिळालं, ते ऐकण्यासारखं आहे.

ही शर्यत चालते कशी

सगळ्या गाड्या एका रेषेत उभ्या आहेत, शिट्टी वाजली आणि सुटल्या, असं रॅलीत नसतं. आपल्या पुणे जिल्ह्यातली बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. घाटात एकेक बारी सुटते, घड्याळावर सेकंद मोजतात, आणि सगळ्या बाऱ्या झाल्या की कोण वेगवान ते ठरतं. रॅलीतही गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतरानं सोडतात. समोर दुसरी गाडी नसते, समोर असतं घड्याळ.

फरक इतकाच की बैलगाड्याची बारी काही सेकंदांत संपते आणि रॅली दिवसचे दिवस चालते. रस्ता साधाच, गावांतून आणि डोंगरातून जाणारा. वारीत जसे मुक्काम ठरलेले असतात, तसे वाटेत तपासणी नाके ठरलेले. प्रत्येक नाक्यावर किती वाजून किती मिनिटांनी पोचायचं ते आधी सांगितलेलं. गाडीतल्या कार्डावर तिथला माणूस वेळ लिहून देतो. एक मिनिट उशीर झाला तरी दंडाचे गुण लागतात. मध्ये मध्ये काही अवघड तुकडे असतात, घाट किंवा जंगलातला कच्चा रस्ता. तिथे मात्र जीव तोडून गाडी पळवायची, कारण त्या तुकड्यांवरच मुख्य निकाल लागतो.

गाडीत दोघं असतात. एक चालवणारा. दुसऱ्याच्या मांडीवर नकाशा, हातात घड्याळ. पुढचं वळण कुठलं, नाका किती लांब, आपण दोन मिनिटं मागे आहोत की पुढे, पेट्रोल कुठे भरायचं, हे सगळं दुसरा सांगतो. चालवणारा थकला की मधल्या साध्या रस्त्यावर हाच गाडी चालवतो. रात्री चालवणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही, तेव्हा तो कानांनी चालवतो. शेजारी बसलेल्यानं डावं वळण सांगितलं की डावीकडे वळवायचं, विचारत बसायचं नाही. इतका भरवसा लागतो.

युरोपात अशा वेगवेगळ्या देशांतल्या रॅली एकत्र गुंफून १९५३ साली एक मालिका सुरू झाली. तेव्हा तिला युरोपियन टूरिंग चॅम्पियनशिप म्हणत. जानेवारीत मोंटे कार्लोची रॅली, तीही बर्फातून. मग नेदरलँड्सची ट्युलिप रॅली, ग्रीसची अ‍ॅक्रोपोलिस, फ्रान्सच्या आल्प्स डोंगरातली, पोलंडची, फिनलंडची, बेल्जियमहून निघून बल्गेरियापर्यंत जाऊन परत येणारी, आणि नोव्हेंबरात ब्रिटनच्या जंगलातली. प्रत्येक ठिकाणी गुण मिळत. वर्षाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त, तो युरोपचा विजेता.

बायकांचा चषक

या रॅलींमध्ये एक बक्षीस खास बायकांसाठी असे. नियम असा, की गाडीतल्या दोघीही बायका हव्यात. पुरुष चालवतोय आणि बायको शेजारी नकाशा घेऊन बसली आहे, ते चालायचं नाही. वर्षभराचे गुण मोजून युरोपची महिला विजेतीही वेगळी ठरायची. १९५४ आणि १९५५ साली शीला व्हॅन डॅम जिंकली. तिचे वडील लंडनमध्ये नाटकगृह चालवत. पुढची दोन वर्षं नॅन्सी मिचेल. १९५८ साली पॅट मॉस. तिच्याविषयी पुढे बोलायचंच आहे.

हे बक्षीस कंपन्यांना हवं होतं. मोटार बनवणाऱ्या कंपनीला जाहिरात पाहिजे असते. दोन बायका आमची गाडी घेऊन आल्प्स ओलांडून आल्या, असं वर्तमानपत्रात छापून आलं की घरोघरच्या लोकांना वाटतं, म्हणजे गाडी चालवायला सोपी आणि भरवशाची असणार. म्हणून कंपन्या आपल्या संघात एक जोडी बायकांची ठेवत. त्यांना गाडी देत, खर्च देत.

आता याला म्हणायचं काय? एका बाजूनं पाहिलं तर दार उघडलं. हा चषक नसता तर कुठल्या कंपनीनं बाईच्या हातात महागडी गाडी दिली असती? आणि दोघीही बायकाच हव्यात या अटीमुळे प्रत्येक चालवणारीला दुसरी बाई शोधावी लागली, तिला नकाशा आणि घड्याळ शिकवावं लागलं. त्यातल्या कितीतरी जणी पुढे स्वतः चालवायला लागल्या. एकीमुळे दुसरी तयार झाली.

दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर तो कोपराच होता. बाई पंचविसावी आली तरी चालेल, बायकांत पहिली आली की झालं. फोटो काढू, फुलं देऊ. खरी शर्यत पुरुषांची, तुमचं आपलं कौतुक.

तो काळही लक्षात घ्या. आपल्याला वाटतं, युरोपातल्या बायका पहिल्यापासून मोकळ्या. तसं नव्हतं. आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बायकांनी मतदान केलं. स्वित्झर्लंडमध्ये देशाच्या निवडणुकीत बायकांना मताचा हक्क मिळाला १९७१ साली. फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःच्या नावावर बँकेत खातं उघडता येत नव्हतं. तो कायदा बदलला १९६५ साली. म्हणजे १९६२ साली एखादी फ्रेंच बाई आल्प्सच्या घाटातून रात्रभर गाडी हाकून पहाटे पहिली आली असती, तरी बक्षिसाचे पैसे ठेवायला खातं उघडायचं तर आधी नवऱ्याची संमती लागली असती. आपण बचत गटाच्या बायका. बँकेत आपल्या नावाचं खातं असणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

घोड्यावरून मोटारीत

पॅट मॉस इंग्लंडची. जन्म १९३४चा. तिचे वडील मोटारींच्या शर्यतीत उतरलेले होते, आईही गाड्या चालवण्यात तरबेज होती, आणि मोठा भाऊ स्टर्लिंग मॉस तर जगातल्या नामांकित शर्यतपटूंपैकी एक. पण पॅटची पहिली आवड घोडे. घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धांत तिनं नाव कमावलं होतं. रॅलीकडे ती विशीत आली. सुरुवातीला स्वतःची गाडी घेऊन उतरायची. एका कंपनीकडे तिनं फक्त प्रवासखर्च मागितला. कंपनीनं नकार दिला. दुसऱ्या कंपनीनं गाडीही दिली आणि खर्चही दिला. पुढची सात-आठ वर्षं ती या दुसऱ्या कंपनीसाठी चालवत राहिली. पहिल्या कंपनीला त्या थोड्याशा पैशांची बचत फार महाग पडली.

तिची जोडीदारीण अ‍ॅन विज्डम. अ‍ॅनचे आईवडील दोघंही मोटार शर्यतीतले. नकाशा, घड्याळ आणि डोकं थंड ठेवणं, हे अ‍ॅनचं काम. दोघींची जोडी अशी जमली की १९६० साली त्यांनी लिएज–रोम–लिएज ही रॅली जिंकली. बेल्जियमहून निघायचं, दक्षिणेकडचे डोंगर ओलांडायचे आणि परत यायचं. जवळपास चार दिवस-रात्र, झोपेला वेळ नाही. युरोपातली सगळ्यांत कठीण म्हणून ती ओळखली जायची. कितीतरी गाड्या वाटेतच बंद पडायच्या. त्या रॅलीत या दोघी नुसत्या बायकांत पहिल्या आल्या नाहीत, सगळ्यांत पहिल्या आल्या. एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय रॅलीत दोन बायकांनी सगळ्या पुरुषांना मागे टाकलं, असं तोवर घडलं नव्हतं.

मग लोक काय म्हणाले असतील, ते आपण ओळखू शकतो. एकदा झालं, नशिबानं झालं. गाडी मोठी होती. गाडी खरोखरच मोठी होती, जवळपास तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन असलेली ऑस्टिन हिली. पण तीच गाडी घेऊन त्याच कंपनीचे पुरुषही उतरायचे, हे असं बोलताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

ट्युलिपच्या देशात

आता १९६२ साल. जानेवारीत मोंटे कार्लोच्या रॅलीनं हंगाम सुरू झाला. ती जिंकली स्वीडनच्या एरिक कार्लसननं, साब कंपनीच्या छोट्याशा गाडीतून. दुसरा आला जर्मनीचा ऑयगेन बोरिंगर, मर्सिडीजमधून. पॅट आणि अ‍ॅन या वेळी एका नव्या गाडीत होत्या. गाडीचं नाव मिनी कूपर.

ही मिनी कूपर डोळ्यांपुढे आणा. उंची कमरेच्या थोडी वर, चाकं हातगाडीच्या चाकांएवढी. इंजिन एक लिटरहूनही किंचित लहान, आणि तेही आडवं बसवलेलं. वजन साधारण साडेसहा क्विंटल. पाहणाऱ्याला खेळणं वाटावं. पण पुढच्या चाकांना ओढ असल्यानं वळणावर ती रस्ता सोडत नसे. ही गाडी बाजारात येऊन जेमतेम काही महिने झाले होते आणि मोठ्या रॅलीत ती टिकेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोंटे कार्लोत दोघींनी बायकांचा चषक जिंकला. एकूण क्रमांक मात्र बराच मागे.

मे महिन्यात ट्युलिप रॅली. नेदरलँड्समध्ये त्या दिवसांत ट्युलिपची फुलं शेतच्या शेत फुललेली असतात, म्हणून हे नाव. तो देश सपाट, पण रॅली शेजारच्या देशांच्या डोंगरात जाऊन परत येते. आपल्याकडे त्याच मे महिन्याच्या एक तारखेला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, म्हणजे काळ ध्यानात येईल.

ट्युलिप रॅलीचा निकाल लागला तेव्हा पहिल्या क्रमांकावर पॅट मॉस आणि अ‍ॅन होत्या. बायकांत पहिल्या आणि सगळ्यांतही पहिल्या. मिनी कूपर या गाडीनं जिंकलेली ती पहिली आंतरराष्ट्रीय रॅली.

या गोष्टीवर मी थोडं थांबणार आहे. मिनी कूपर पुढे जगभर गाजली. १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा तिनं मोंटे कार्लोची रॅली जिंकली. त्या वेळी चालवणारे होते पॅडी हॉपकर्क, टिमो मॅकिनेन आणि राउनो आल्टोनेन. मोटारींची आवड असलेल्या कुणालाही विचारा, ही तीन नावं पाठ असतात. पण ही गाडी जिंकू शकते, हे जगाला पहिल्यांदा दाखवलं दोन बायकांनी. त्या विजयाला दोन वर्षं व्हायची होती तेव्हा हॉपकर्कनं मोंटे कार्लो जिंकली. वाट पाडणारी एक आणि त्या वाटेवर नाव कोरलं जातं दुसऱ्याचं, हे आपण आपल्या गावातही पाहतो. शेतात पहिल्यांदा भाजीचा मळा बाईनं लावायचा आणि पुढे बागायतदार म्हणून सत्कार घरधन्याचा व्हायचा.

जोडीदारीण बदलली

त्याच वर्षी अ‍ॅनला दिवस गेले आणि तिनं रॅली सोडली. तिचं लग्नही रॅली चालवणाऱ्याशीच झालेलं. अवघड जागेचं दुखणं असं की पॅटला नुसती नकाशा वाचणारी नको होती. अंधारात जिच्या शब्दावर गाडी वळवायची, अशी बाई हवी होती. अशी जोडी एका दिवसात जमत नाही. आपल्या गटाची सचिव बदलली तर हिशेबाची वही नीट लागायला किती महिने जातात, आठवून बघा.

तिच्या शेजारी आली पॉलीन मेमन. आणि हंगाम थांबला नाही. आल्प्सच्या रॅलीत दोघी एकूण तिसऱ्या. पोलंडच्या रॅलीत दुसऱ्या. जर्मनीत बाडेन-बाडेनच्या रॅलीत, त्याच छोट्या मिनी कूपरमध्ये, पुन्हा सगळ्यांत पहिल्या. नोव्हेंबरात ब्रिटनच्या जंगलातली रॅली झाली. चिखल, दाट झाडी, रात्र. तिथे कार्लसन पहिला, हॉपकर्क दुसरा, पॅट आणि पॉलीन तिसऱ्या.

वर्षाच्या शेवटी युरोपची महिला विजेती ठरली पॅट मॉस. एकूण विजेता ठरला बोरिंगर. हा माणूस चाळिशीचा होता, स्टुटगार्टजवळ हॉटेल चालवायचा, आणि तो खरोखर त्या मानाला लायक होता. अ‍ॅक्रोपोलिस त्यानं जिंकली, पोलंड जिंकली, बेल्जियम ते बल्गेरिया आणि परत ही भयंकर रॅलीही जिंकली. त्याचं श्रेय कमी करायचं कारण नाही. पण पॅटचे त्या वर्षाचे निकाल पुन्हा एकदा बोटांवर मोजा. दोन रॅलींत सगळ्यांत पहिली, एकात दुसरी, दोनात तिसरी. हे सगळे क्रमांक बायकांच्या यादीतले नाहीत, सगळ्यांच्या यादीतले आहेत. बायकांचा चषक तिनं जिंकला खरा, पण तो चषक आता तिच्या अंगाला लहान पडत होता.

गोठ्यांच्या वाटेवर शिकलेली

आता या हंगामातली दुसरी बाई. माझ्या मते आपल्या श्रोत्यांना ती जास्त जवळची वाटेल, कारण ती शेतकऱ्यांच्या गोठ्यांत काम करणारी होती.

एवी रोसक्विस्ट. स्वीडनच्या दक्षिण टोकाला शेतकरी कुटुंबात १९२९ साली जन्मली. शिकून ती जनावरांच्या डॉक्टरांची सहायक झाली. काम असं, की रोज सात-आठ शेतांवर जायचं, गाईगुरं तपासायची, औषधपाणी करायचं आणि पुढच्या शेतावर जायचं. शेतं लांब लांब. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी चालवायची, तीही खडीच्या, कच्च्या रस्त्यानं. पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यात बर्फ. आजारी गाय वाट बघत नाही, म्हणून वेळेत पोचायचं. एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायला किती वेळ लागला, ते ती घड्याळावर बघायची, आणि उद्या त्याहून कमी वेळात जमतं का ते पाहायची.

रॅलीची शाळा याहून वेगळी ती काय असणार? तिला कुणी मैदानावर नेऊन शिकवलं नव्हतं. तिचं रोजचं कामच तिला शिकवत होतं. १९५४ साली नवऱ्याबरोबर ती एका रॅलीत शेजारी बसून गेली आणि तिच्या लक्षात आलं, हे तर आपल्याला येतं. दोन वर्षांत ती स्वतः चालवायला लागली. १९५९ साली ती युरोपची महिला विजेती झाली, आणि १९६१ साली पुन्हा झाली.

१९६२ साली मर्सिडीज कंपनीनं तिला आपल्या संघात घेतलं. तिची जोडीदारीण उर्सुला विर्थ. गंमत म्हणजे तीही जनावरांच्या डॉक्टरची सहायक. म्हणजे त्या गाडीत बसलेल्या दोघींना गाईच्या पोटात वासरू कसं आहे ते हात लावून सांगता यायचं, आणि इंजिनाचा आवाज बदलला तर तेही कळायचं.

अर्जेंटिनाची परीक्षा

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मर्सिडीजनं आपला संघ दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनाला पाठवला. ही शर्यत युरोपच्या मालिकेत धरली जात नव्हती, पण युरोपच्या हंगामातलेच लोक तिथे उतरले होते. बोरिंगरही होता. सहा टप्पे, एकूण ४,६२४ किलोमीटर. अँडीज पर्वताच्या पायथ्याचे धुळीचे रस्ते, वाटेत ओढे-नद्या, दिवसा जाळणारं ऊन. त्या शर्यतीत तोवर एकही बायकांची जोडी उतरली नव्हती. या दोघी उतरणार म्हटल्यावर लोक हसले. त्या शेवटपर्यंत पोचतील, असंही बहुतेकांना वाटत नव्हतं.

अडीचशेच्या वर गाड्या सुटल्या. पहिला टप्पा एवी आणि उर्सुला जिंकल्या. लोक म्हणाले, नशीब. दुसराही त्याच जिंकल्या. आणि मग तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सहाच्या सहा टप्पे. मध्येच त्यांच्याच संघातला हर्मन क्यूने अपघातात दगावला. बोरिंगरलाही शर्यत पूर्ण करता आली नाही. आपल्या बरोबरीचा माणूस गेला आहे आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच रस्त्यावर गाडी घालायची आहे, ती रात्र त्या दोघींनी कशी काढली असेल!

शेवटी पोचलेल्या गाड्या फक्त ४३. त्यांत पहिली मर्सिडीज २२० एसई, आणि तिच्यात या दोघी. सरासरी वेग ताशी सुमारे १२७ किलोमीटर, त्या शर्यतीतला तोवरचा विक्रम. रस्त्याच्या कडेला त्यांना पाहायला माणसांची रीघ लागली. त्या शर्यतीत बायकांसाठी वेगळा कोपरा नव्हताच. एकच रांग होती आणि त्या तिच्या पुढे होत्या.

पुढच्या दोन्ही वर्षी त्या शर्यतीत बोरिंगर पहिला आला आणि एवी तिसरी. म्हणजे १९६२ची गोष्ट नशिबाची नव्हती, हे तिनं पुन्हा पुन्हा दाखवलं. २०२४च्या जुलैत, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन ती गेली.

पुढे काय झालं

पॅटनं १९६३ साली एरिक कार्लसनशी लग्न केलं. ज्याच्याशी शर्यतीत टक्कर, त्याच्याशीच संसार. लग्नानंतर तिनं गाडी सोडली नाही. १९६४ आणि १९६५ साली ती पुन्हा युरोपची महिला विजेती झाली, आणि १९७०च्या पुढेही काही वर्षं रॅलीत उतरत राहिली. २००८ साली तिचं निधन झालं. पॉलीन मेमन १९६३ साली स्वतः मिनी कूपर चालवायला लागली, शेजारी दुसरी बाई घेऊन. मी मघाशी म्हटलं ना, एकीमुळे दुसरी तयार होते, ते हे.

त्यानंतर १९७७ साली फ्रान्सची मिशेल मूतों युरोपच्या मालिकेत, बायकांत नव्हे, सगळ्यांत दुसरी आली. १९८१ साली इटलीत सानरेमोची रॅली जिंकून ती जागतिक मालिकेतली रॅली जिंकणारी पहिली बाई ठरली. शेजारी नकाशा घेऊन बसलेली फाब्रिझिया पॉन्स, तीही बाईच. पुढच्या वर्षी मूतों सगळ्या जगात दुसरी आली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बायकांचा चषक मान होता की कोपरा? मला या हंगामाकडे पाहून असं वाटतं, की चषकानं त्यांना गाडी मिळवून दिली, घाट त्यांना स्वतः चढावा लागला. चषक नसता तर पॅटच्या हातात कंपनीची गाडी आली नसती, अ‍ॅन आणि पॉलीन शेजारी बसल्या नसत्या. पण पॅट जर बायकांत पहिली आल्यावर समाधान मानून बसली असती, तर ट्युलिपची रॅली दुसऱ्या कुणाच्या नावावर लागली असती. वेगळी जागा ही आत शिरायला असते. आत गेल्यावर सगळ्यांच्या यादीत आपलं नाव कितव्या नंबरावर आहे, हे आपणच बघायचं असतं.

आपल्याकडे १९९३च्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. या जागांवरून कितीतरी बायका सरपंच झाल्या. त्यातली एखादी पुढच्या वेळी खुल्या जागेवर उभी राहते, तेव्हा गावातले लोक म्हणतात, तुमची जागा तर यंदा राखीव नाही, मग कशाला? अशा वेळी गटातल्या बायकांनी तिच्या शेजारी बसायचं असतं, नकाशा आणि घड्याळ घेऊन.

गटात बोलायला

पुढच्या बैठकीत या गोष्टीवर थोडं बोलून बघा. आपल्या गटात कितीजणींकडे गाडी चालवायचा परवाना आहे? दुचाकीचा असो, ट्रॅक्टरचा असो. ज्यांच्याकडे नाही, त्यांना काय आडवं आलं? पैसे, वेळ, की घरच्यांचा नकार? आपल्या रोजच्या कामातून आपण असं काय शिकलो आहोत, जे दुसरीकडेही उपयोगी पडेल? एवी गोठ्यांच्या वाटेवर गाडी शिकली, तसं. आणि गावात एखादं काम बाईनं पहिल्यांदा केलं, पण नाव दुसऱ्याचं झालं, असं काही आठवतं का? आठवलं तर ते वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. कुणी केलं आणि केव्हा केलं, एवढं लिहिलेलं असलं तरी पुरतं. पॅट आणि अ‍ॅनची नावं निकालाच्या कागदावर होती, म्हणून साठ वर्षांनी मी तुम्हाला ती सांगू शकले.

बोललेलं आम्हाला कळवा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.